रिकाम्या नावाचं पहिलं अक्षर

शेलूबाजार,
सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रिय रविदादा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी कुणाला काही झालेलं नाही. याडी ठणठणीत आहे, आपलीच आई ती, कालच दोन बायांशी पाण्यावरून भांडून आली आणि जिंकून आली. पत्र लिहिते आहे कारण फोन करून थकले. गेल्या पंधरा दिवसांत मी तुला एकवीस वेळा फोन केला. त्यातले चार तू उचललेस आणि चारही वेळा ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू’ एवढं बोलून ठेवून दिलेस. तुझ्या कंपनीत कामही होतं का नुसत्या मीटिंगाच होतात, कोण जाणे. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर निळ्या खुणा दिसतात आणि मग एक अंगठा येतो. दादा, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी तुला लिहून पाठवली आणि तू अंगठा पाठवलास! म्हणून आता कागद. हा तुला मधेच बंद करता यायचा नाही.

दुकान सुरू आहे. सकाळी नऊला शटर उघडते, विम्याचे फॉर्म, दाखले, झेरॉक्स, लोकांचे विसरलेले पासवर्ड. हे पत्रही बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहिते आहे, तेव्हा मागच्या बाजूला कुणाचा सातबारा दिसला तर वाचत बसू नकोस. तूर फुलावर आली आहे. तांड्यात सकाळी चांगलीच थंडी पडते. पण तांडा अर्धा रिकामा आहे, हे तुला सांगायला नको. दिवाळी झाली की टोळ्या उसाला निघतात, ते काही बदललेलं नाही.

तर मुद्द्यावर येते. सप्टेंबरात बबनराव दुकानात आले होते, तुला फोनवर सांगितलं होतं. ते मंगरूळपीरच्या एका संस्थेचं काम बघतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं मागे राहावीत म्हणून ती संस्था शाळेतच सहा महिन्यांचं वसतिगृह चालवते. दोन वेळचं जेवण, झोपायला जागा, अभ्यासाला बाई. मुलांची यादी इंग्रजीत भरून वर पाठवावी लागते, आणि प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर मोठं नसेल तर अख्खी यादी परत येते. मागच्या वर्षी दोनदा परत आली होती. बबनराव म्हणाले, “निताबाई, तुमी कंप्युटरचं शिकल्या ना? मंग काहीतरी करा बाप्पा, नाव टाकलं का आपोआप नीट झालं पायजे.” मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बीसीए करून आठ वर्षं मी लोकांचे अंगठे मशीनवर टेकवते आहे. पहिल्यांदा कुणीतरी मला प्रोग्राम लिहायला सांगितला होता.

आणि मी लिहिला. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, आडनाव, वर्ग, सगळं मी केलं. फक्त ते पहिल्या अक्षराचं तेवढं अडलं, तेव्हा तुला विचारलं. तू हसलास. “एवढंसं? एक अक्षर मोठं करायला बहीण मले फोन करून राह्यली!” असं म्हणालास, पुण्यात सहा वर्षं राहूनही हसताना तुझी भाषा घरचीच होते. मग दोन मिनिटांत तू तुकडा पाठवलास. नावातलं पहिलं अक्षर वेगळं काढायचं, ते मोठं करायचं, उरलेलं नाव त्याला मागून जोडायचं. इतकं सोपं, की मला माझीच लाज वाटली. तरी मी विचारलं होतं, दादा. नीट आठव. मी विचारलं होतं, नाव रिकामंच असलं तर? पहिलं अक्षर काढायला अक्षरच नसलं तर? तू म्हणालास, “रिकामं नाव कोण देते वं? अन् दिलंच तर ते सांभाळून घेतलं मी. तू टाक.” मी टाकला.

नोंदणी सोमवारी होती, भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं लावली. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर मंजुषा, चौथीला शिकवते ती. तिच्या लॅपटॉपचं शिफ्टचं बटण मेलेलं, त्यामुळे ती सगळं बारीकच टाइप करत होती आणि मला म्हणत होती, “तुहा प्रोग्राम हाये म्हणून बरं.” मी फुशारले होते. टोळ्या न्यायला मुकादमाची गाडी शुक्रवारी पहाटे यायची होती, म्हणून पुरुष सगळे बाजारात, कुणी कोयत्यांना धार लावायला, कुणी ताडपत्री आणायला. रांगेत नुसत्या बाया. आणि टेबलापाशी आल्यावर एकेक जण काय करत होती, ते तुला मी सांगायला हवं का? बापाचं नाव विचारलं की पदर तोंडाला. एक म्हणाली, “गोलूचा बाप.” एक म्हणाली, “माह्या सासऱ्याचा धाकला.” एकीनं मागच्या बाईला कोपर मारलं, पण ती मागची तिची धाकटी जाऊ, थोरल्या दिराचं नाव तीही घेईना. मंजुषा वाशीमची, तिला हे कळेना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “काय लिहू?” मी म्हटलं, सोड रिकामं, संध्याकाळी रेशनकार्डं बघून भरू. पुढची घे.

संध्याकाळ आलीच नाही. म्हणजे आली, पण चारलाच बबनराव येऊन डोक्यावर उभे राहिले. पाचला यादी बंद होणार होती आणि नेट तर तुला माहीत आहे, असलं तर असतं. मी यादीचं बटण दाबलं. प्रोग्राम एक शब्द बोलला नाही. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही, काही नाही. यादी तयार झाली, सगळी नावं कशी टापटीप, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. मला वाटलं, काही अडलं असतं तर यानं सांगितलं असतं. तू सांभाळून घेतलं होतंस ना! मी यादी पाठवून दिली. बबनरावांनी सगळ्यांना चहा पाजला. मी मोजली नाही, दादा. एकसष्ट मुलं नोंदवली होती आणि यादीत बावन्न होती, आणि मी मोजली नाही. हे मी कुणावर ढकलत नाही.

गुरुवारी मंजूर यादी शाळेच्या भिंतीवर लागली. ज्यांची नावं नव्हती त्यांनी आरडाओरडा केला असता तर किती बरं झालं असतं. पण आपली माणसं तुला माहीत आहेत. यादीत नाव नाही म्हणजे साहेबानं काही विचार करूनच काढलं असेल, असं समजून गप्प बसतात. मी दुकानात होते, दाखल्यांची गर्दी होती. मला कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. शुक्रवारी पहाटे गाडी आली. भांडी चढली, गोधड्या चढल्या, शेळ्या चढल्या आणि ती नऊ मुलं चढली. आईबापांना तरी दुसरं काय करता आलं असतं?

शनिवारी वसतिगृह उघडलं तेव्हा मंजुषाचा फोन आला की ताटं जास्त झाली, पोरं कमी आहेत. मग मी तो प्रोग्राम उघडून बसले. तुझ्या तुकड्यात खाली दोन ओळी होत्या, मी त्या कधी नीट वाचल्याच नव्हत्या. नावाला पहिलं अक्षर नसेल तर काम अडखळतं, आणि अडखळलं तर काय करायचं हे तू त्या दोन ओळींत लिहिलं होतंस. ती नोंद सोडून द्यायची आणि पुढे जायचं. कुणाला काही सांगायचं नाही. याला तू सांभाळून घेणं म्हणतोस? ज्यांच्या आयांनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, नेमकी त्यांचीच मुलं तुझ्या त्या दोन ओळींनी गाळून टाकली.

तू तिथे पुण्यात हे लिहिलं असतंस आणि पुण्यातल्याच कुणी वापरलं असतं, तर मी एवढी चिडले नसते. पण तू तांड्यातला आहेस. पहिलीत तुझं नाव घालायला याडी तुला घेऊन गेली तेव्हा मीही तिच्या कडेवर होते म्हणे. गुरुजींनी बापाचं नाव विचारलं आणि याडी पाच मिनिटं जमिनीकडे बघत उभी राहिली. गुरुजी वैतागले. शेवटी तू, सहा वर्षांचा, खुर्चीला धरून ओरडलास, “प्रेमसिंग! प्रेमसिंग राठोड!” सगळी शाळा हसली होती. ही गोष्ट याडीनं आपल्याला शंभर वेळा सांगितली आहे. बा जाऊन सहा वर्षं झाली, अजून तिनं ते नाव उच्चारलेलं नाही. आणि तू मला विचारतोस, रिकामं नाव कोण देते? तुझी आई देते, दादा! हे तू विसरलास कसा, हा प्रश्न मला त्या दिवसापासून खातो आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. मी त्याच दिवशी प्रोग्राम दुरुस्त केला. आता नाव रिकामं असेल तर तो थांबतो आणि ओरडतो. माझ्या स्वभावाला तेच जवळचं आहे. मग बबनरावांसमोर जाऊन उभी राहिले. ते चांगले आहेत, पण त्या दिवशी फार बोलले. बोलायलाच हवं होतं. तरी त्यांनी चार ठिकाणी हातापाया पडून नऊ जागा या महिन्याच्या अखेरपर्यंत धरून ठेवल्या. मग मी आणि मंजुषा घरोघर फिरलो. कुणाचा आजा, कुणाची आत्या, जो मागे असेल त्याला गाडीत बसवून दिलं. लखीरामबाबा या वयात एकटे नांदेडच्या पलीकडे जाऊन दोन नातवंडं घेऊन आले. आठ मुलं परत आली. आठही जणांच्या घरी जाऊन मी हात जोडले. एका आजीनं मलाच चहा करून दिला आणि म्हणाली, “होते वं बाई, मशीनच ते.” मला रडू आलं. मशीनचा काय दोष?

सगळ्यांना मी सांगितलं, चूक माझी. याडीलाही तेच सांगितलं. ती जाईल तिथे सांगत असते की तिचा पोरगा पुण्यात कंप्युटर चालवतो, तिच्यापुढे मला दुसरं काही बोलवेना. तिनं मला काय ऐकवलं असेल, कल्पना कर. “तुह्या भावाले विचारून तरी करायचं व्हतं!” असं म्हणाली. मी भाकरी तव्यावर टाकली. ती भाकरी करपली, त्यावरूनही ऐकून घेतलं.

आता नववी. नववी संस्कृती, बादलची. हे मी एवढा वेळ टाळत होते, कळलंच असेल तुला. बादलच्या घरी मागे कुणी नाही. त्याची आई गेल्या वर्षी गेली. तो, शीला, संस्कृती आणि ते आठ महिन्यांचं बाळ, चौघं इंदापूरच्या बाजूला उसात आहेत. तुझ्या खोलीपासून तीन तासांवर. संस्कृती नऊ वर्षांची आहे. मंजुषा सांगते, वर्गात सगळ्यात आधी पाढे तिचे पाठ होतात. आता ती फडावरच्या पाचटाच्या कोपीत बसून बाळ सांभाळते आहे. बादलसुद्धा नऊ वर्षांचाच होता, तुझ्याच वर्गात, जेव्हा तू वसतिगृहात राहिलास आणि तो गाडीत चढला. पुन्हा शाळेत आलाच नाही. पोरीला मी कोपीत नेणार नाही, हे तो लग्नाच्या आधीपासून म्हणत होता. मला कसं माहीत, हे विचारू नकोस.

विचार, हवं तर. तुला सगळं माहीतच आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यानं मला मागणी घातली होती आणि तू याडीला म्हणाला होतास, कोयतेवाल्याच्या घरी माझी बहीण द्यायची नाही. मी तेव्हा बोलले नाही. आजही त्यावरून भांडत नाही, शीला चांगली बाई आहे, त्यांचं छान चाललं आहे. पण तांडा विसरत नाही ना. आता तांड्यात कुजबुज आहे की नितानं मुद्दाम गाळलं. मी बादलला फोन केला. एकदाच उचलला त्यानं. म्हणाला, “माह्याच लेकरानं काय केलं व्हतं तुहं? काहून असं केलं?” मी सांगत होते, प्रोग्राम, रिकामं नाव, पहिलं अक्षर. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमाले येड्यात काढू नको.” मग फोन ठेवला. आता माझा नंबर लागत नाही. मुलीला पाठव म्हणून बबनरावांनी निरोप धाडला, तर उत्तर आलं की तिथे पाठवून पुन्हा अपमान करून घ्यायचा नाही. तेरा दिवस उरले आहेत. मग ती जागा जाईल, आणि मला भीती वाटते की बापासारखीच तीही परत शाळेत यायची नाही.

हे पत्र मी तुला शिव्या घालायला सुरू केलं होतं. त्या घालून झाल्या. आता खरं सांगते, जे मी मंजुषालासुद्धा सांगितलेलं नाही. इतर आठ नावं मंजुषाच्या टेबलावर रिकामी राहिली, घाईत. शीला माझ्या टेबलावर आली होती. मी विचारलं, मुलीच्या बापाचं नाव? ती पदराआडून हसली आणि म्हणाली, “आता मी कशी घेऊ? तुमाले तं माहीत हाये, तुमीच लिवा.” तिच्या मनात काही नव्हतं, पण मागच्या सगळ्या बाया खो खो हसल्या. मला ते नाव माहीत होतं, दादा. रेशनकार्ड बघायची गरज नव्हती. पाच अक्षरं इंग्रजीतली. सगळ्यांच्या देखत माझी बोटं हललीच नाहीत. मी तोंड वर न करता म्हटलं, मागाहून भरते, पुढची कोण? त्या दोन ओळी तुझ्या, पण ही पाच अक्षरं माझी. मी मुद्दाम केलं नाही, हे फक्त मला माहीत आहे, आणि ते शीलाला समोर बसून सांगायची माझी एकटीची हिंमत होत नाही. म्हणून लिहिते आहे. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं मी निघते, शनिवारी सकाळी पुण्यात उतरेन. सुट्टी काढ, मीटिंग असेल तर ती मोड. आपण दोघं इंदापूरला जाऊ. बादलला तू तुझं सांग, शीलाला मी माझं सांगते. त्यांनी हाकलून दिलं तर बांधावर बसून राहू, पण संस्कृतीला घेतल्याशिवाय मी परत येणार नाही. आणि तू स्टँडवर आला नाहीस, तर मी एकटी जाईन, भीतभीतच जाईन, आणि तुझ्या वाट्याचंही मीच सांगेन.

अजून रागातच असलेली, तरी तुझीच,
निता